रिसायकलिंग ठरतं ते ओट्याखालच्या बादलीत

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इंदिरानगरमधली ४८ फ्लॅटची सोसायटी, तुम्ही यंदा पहिल्यांदाच कमिटीवर आलात. कचरा वेगळा करायला घरोघरी ओल्यासाठी हिरवा आणि सुक्यासाठी निळा डबा दिला, पत्रकं वाटली, एका रविवारी व्याख्यानही ठेवलं. दीड महिना बरा गेला आणि मग सगळं मूळ पदावर आलं. आता कमिटीत दोन तट पडलेत, एकाला दंड हवाय आणि दुसऱ्याला बक्षीस. शिवाय जिन्यात भेटेल तो म्हणतो, "आम्ही वेगळा करून उपयोग काय? पुढे सगळा एकत्रच होतो."

मी नाशिकमध्ये सोळा वर्षं याच कामात आहे. पहिली चार वर्षं सुका कचरा निवडायच्या शेडमध्ये बसून काढली, नंतर सोसायट्यांमध्ये, चाळींमध्ये, जुन्या नाशकातल्या वाड्यांमध्ये फिरले. तेव्हा आधी माझं मत सांगते. दंड नको आणि बक्षीसही नको, निदान पहिले सहा महिने तरी. तुम्ही लोकांकडे सुका कचरा मागताय, ते थांबवा. ओला कचरा मागा. घरातला ओला नीट बाजूला झाला की उरलेला सुका न सांगता सुका राहतो, आणि सुका राहिला तरच तो पुढे कुणाच्या उपयोगाचा असतो.

हे पटायला एकदा शेडमध्ये बसायला हवं. ताडपत्रीवर एक पिशवी उलटी केली की काय पडतं ते सांगते. चहाचा चोथा, त्यात चिकटलेलं वर्तमानपत्र. चांगला जाड पुठ्ठा, पण त्यावर काल रात्रीचं वरण. दुधाच्या चार पिशव्या, प्रत्येकीत आंबलेल्या दुधाचा घोट. शाम्पूची बाटली, तिला कांद्याची सालं लगडलेली. माझ्याशेजारी बसणाऱ्या मावशी तो पुठ्ठा उचलायच्या, दोन बोटांत दाबून बघायच्या, तो मऊ लागला की डावीकडे फेकायच्या आणि म्हणायच्या, "माल मेला." सकाळी कुणाच्या तरी घरी ऑनलाइन मागवलेल्या मिक्सरचं खोकं उघडलं तेव्हा तो पुठ्ठा कोरा करकरीत होता. भंगाराच्या दुकानात त्याला रोखीने पैसे मिळाले असते. एक वाटी वरणाने तो गेला. दिवसभरात असा किती माल मरायचा हे मी चार वर्षं पाहिलंय, म्हणून ओल्या कचऱ्याचा एवढा आग्रह धरते.

दुसरी गोष्ट, आपली माणसं रिसायकलिंग करत नाहीत हे मला मान्य नाही. रद्दी विकायला आपल्याला कुणी शिकवलं? वर्तमानपत्रं घडी करून माळ्यावर जातात, रद्दीवाला काटा घेऊन आला की घरातल्या आजी वजनाकडे डोळे लावून उभ्या राहतात. बोहारणीला जुने कपडे देऊन पातेलं घेतलेलं घर आपल्याकडे गल्लोगल्ली सापडेल. उरलेल्या सुती लुगड्यांची गोधडी व्हायची. तेल संपलं की डब्यात धान्य, आणि डबा गंजला की तुळस. या सवयी टिकल्या कारण त्यांत तीन गोष्टी होत्या: वस्तू कोरडी आणि स्वच्छ होती, घेणारा माणूस ओळखीचा होता, आणि ती कुठे जाते ते डोळ्यांना दिसत होतं. तुमच्या निळ्या डब्यात यातलं काहीच नाही. त्यात काय पडतं, कोण नेतं, पुढे काय होतं, काहीच कळत नाही. म्हणून तो दीड महिन्यात थकला.

आता "पुढे एकत्रच होतो" याबद्दल. हे वाक्य आळशी माणसाचं निमित्त समजून उडवून लावू नका. बहुतेक वेळा ते कुणीतरी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असतं. पंचवटीतल्या एका सोसायटीत आम्ही तीन महिने दारोदार फिरून वर्गीकरण बसवलं होतं. एका सकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी गॅलरीतून पाहिलं, खाली झाडूवाले दादा हिरवी बादली आणि निळी बादली एकाच ड्रममध्ये उलटी करत होते. आजींनी आठवड्याभरात अख्ख्या इमारतीला सांगितलं आणि आमचे तीन महिने पाण्यात गेले. मी दादांवर चिडले होते. खाली जाऊन पाहिलं तर गेटपाशी कमिटीने ड्रम एकच ठेवलेला. दादा दुसरं करणार तरी काय? त्या दिवसापासून कुठल्याही सोसायटीत मी एकही बादली वाटायच्या आधी कचऱ्याच्या पूर्ण वाटेवर चालत जाते. फ्लॅटचं दार, जिना, गेटजवळची जागा, गाडी. या वाटेवर जिथे दोन कचरे भेटतात ती जागा आधी बंद करायची. पुढे त्या आजींनाच आम्ही सकाळी खाली बोलावलं, दोन ड्रम दाखवले, गाडी येईपर्यंत थांबवलं. त्यांनी जसं आधी सांगितलं होतं तसंच हेही सांगितलं, आणि माझ्या दहा पत्रकांपेक्षा ते जास्त चाललं.

घंटागाडीशीही असंच बोलावं लागतं. नाशिकला घंटागाडीची सवय जुनी, नव्वदच्या दशकापासूनची. गाडीत ओल्या-सुक्याचे वेगळे कप्पे असतात, पण मागे उभ्या असलेल्या माणसाला तुमच्या गेटपाशी दोन-तीन मिनिटं मिळतात. तेवढ्यात पिशव्या सोडून बघत बसणं त्याला शक्य नाही. तुमचा ओला उघड्या ड्रममध्ये आणि सुका गोणीत बांधलेला असेल, तर तो बरोबर कप्प्यात टाकतो, कारण तेच त्याला सोपं पडतं. दोन्ही काळ्या पिशव्यांत असतील तर कुणीही एकत्रच टाकेल. एका सकाळी गाडीवरच्या दोघांना चहा द्या आणि विचारा, "तुम्हाला कसा दिलेला सोयीचा पडतो?" त्यांच्या गाडीच्या बाजूला पोती लटकलेली दिसतील, त्यात ते बाटल्या आणि पुठ्ठा निवडून ठेवतात. त्यांच्या तुटपुंज्या कमाईत त्या पोत्याची भर असते. तुम्ही उद्यापासून सगळा विकाऊ माल सोसायटीच्या खात्यावर विकायचं ठरवलंत तर तो घास त्यांच्या ताटातून जातो, आणि मग उरलेला कचरा ते कसा उचलतील याचा विचार करून ठेवा. हे आधी बोलून घ्यायचं. बहुतेक वेळा मार्ग निघतो.

व्याख्यानाला कोण आलं होतं, आठवून बघा. बहुधा निवृत्त काका मंडळी आणि तुमच्या ओळखीच्या चार-पाच जणी. घरातला कचरा हाताळतं कोण? बहुतेक घरांत कामाला येणाऱ्या मावशी. भांडी घासण्याआधी ताटातलं खरकटं कुठल्या बादलीत जातं हे त्या ठरवतात, आणि त्यांना आपण कधीच बोलावत नाही. एक मावशी तुमच्या इमारतीत चार-पाच घरं करत असतील. म्हणजे आठ-दहा जणींशी नीट बोललात की जवळजवळ सगळी सोसायटी झाली. सकाळी साडेदहा-अकराला, कामं उरकून त्या निघतात तेव्हा, पार्किंगमध्ये चटई टाका, चहा-पोहे द्या आणि अर्धा तास मागा. त्यांना ओलं-सुकं शिकवायला जाऊ नका, त्या तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त जाणतात. विचारा, की कुठल्या घरात एकच बादली आहे, कुठे बादली उचलून जिना उतरणं जड जातं, कुठे सॅनिटरी पॅड उघडेच हातात येतात. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "ताई, मी वेगळंच टाकते. संध्याकाळी साहेब सिगारेटचं पाकीट भाजीच्या बादलीत टाकतात, त्यांना सांगा." तुमच्यातल्या भाड्याच्या फ्लॅटमधल्या मुलांना मात्र स्वतंत्र भेटा. अंबड-सातपूरच्या कंपन्यांत पाळीला जाणाऱ्या या मुलांचं वेळापत्रक घंटागाडीशी जुळतच नाही. त्यांच्यासाठी खाली झाकणाचे दोन ड्रम दिवसभर ठेवणं हाच उपाय.

आता ओला कचरा. घरी बादली लहान हवी, पाच लिटरची पुरे, झाकणाची. तिला प्लास्टिकची पिशवी लावायची नाही, तळाला वर्तमानपत्राचा एक कागद घाला. रोज रिकामी झालीच पाहिजे, कारण एक दिवस राहिली की वास येतो आणि तिसऱ्या दिवशी घरातलं माणूस म्हणतं, बंद करा हे. पातळ आमटी, ताक असलं बादलीत नको, गाळून घ्या. पाणी कमी गेलं की निम्मा वास गेला.

घरटी साधारण एक ते दीड किलो कचरा धरला तर तुमच्या सोसायटीत रोज पन्नास ते सत्तर किलो होतो आणि त्यातला निम्मा किंवा थोडा जास्त ओला. २०१६ च्या घनकचरा नियमांनी घरातच वर्गीकरण बंधनकारक केलं आणि दिवसाला १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्यांना मोठे कचरा उत्पादक ठरवलं. ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या संकुलांना ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायला सांगितलं. तुमच्या कचऱ्याचं वजन १०० किलोच्या खाली दिसतंय, तरी मी म्हणेन, जागा असेल तर खत आवारातच करा. पाथर्डी शिवारातल्या खत प्रकल्पापर्यंत रोज गाडीभर पाणी वाहून नेण्यात अर्थ नाही, कारण भाजीच्या कचऱ्यात बहुतांश पाणीच असतं.

त्यासाठी लाखांचं मशिन घेऊ नका. एका सोसायटीने विजेवर चालणारं मशिन घेतलं होतं, चोवीस तासांत खत म्हणून. त्यातून निघायचा तो उष्णतेने वाळवलेला, भरडलेला कचरा. कुंडीत घातला, पाणी पडलं, आणि तो तिथेच पुन्हा कुजायला लागला. बायकांची जास्वंद गेली आणि खत या शब्दावरचा त्यांचा विश्वासही. मशिन आता पार्किंगच्या कोपऱ्यात आहे. त्याऐवजी विटांचे चार हौद बांधा, चार फूट लांब, चार फूट रुंद, तीन फूट उंच, विटांमध्ये हवेसाठी फटी सोडून. वर पत्र्याचं छप्पर, समोर उंदीर येणार नाही अशी बारीक जाळी. एक हौद महिनाभर भरायचा, मग दुसरा. पहिला तोवर मुरतो. चौथा भरत येतो तेव्हा पहिला काढायला तयार असतो.

यात सगळं कौशल्य एका गोष्टीत आहे, ते म्हणजे कोरडा पाला. स्वयंपाकघरातला कचरा ओला आणि नत्राने भरलेला, पाला कोरडा आणि कर्बाने भरलेला. सूक्ष्मजीवांना दोन्ही लागतं, नत्राच्या पंचवीस-तीस पट कर्ब. हिशेब करत बसू नका. एक बादली ओला कचरा पडला की वर एक बादली चुरलेला पाला, इतकंच दादांना सांगा. सुरुवातीला शेणकाला किंवा आंबट ताक शिंपडलं की काम लवकर सुरू होतं. मूठभर मिश्रण हातात घेऊन पिळा. बोटांतून पाणी टपकलं तर पाला कमी पडलाय, मूठ उघडल्यावर भुगा झाला तर पाणी शिंपडा, लाडूसारखं राहिलं तर बरोबर. सडक्या अंड्यासारखा वास म्हणजे आत हवा नाही, फावड्याने वरखाली करा. डोळ्यांत चरचरणारा वास म्हणजे पाला घाला. जाड, पांढुरक्या-करड्या अळ्या दिसतील, घरं घाबरून फोन करतील. त्या बहुधा काळ्या सैनिकमाशीच्या असतात, कचरा फस्त करतात आणि माणसाला काही करत नाहीत. वर पाल्याचा थर जाड ठेवला की त्याही कमी होतात. नारळाच्या करवंट्या, आंब्याच्या कोयी आणि मक्याची कणसं वेगळी ठेवा, ती या वेळात कुजत नाहीत.

नाशिकमध्ये पाला फुकट मिळतो, पण वर्षभर मिळत नाही. फेब्रुवारी-मार्चला बदाम, पिंपळ, करंज गळतात आणि लोक तो रस्त्याकडेला पेटवून देतात. त्या दोन महिन्यांत गोण्या भरून छपराखाली रचून ठेवा, पावसाळ्यात तेच सोनं. म्हणून सुरुवातही फेब्रुवारीतच करावी. पावसाळ्यात सुरू केलेली खताची कामं माझ्या हातून दोनदा फसलीत, पाला ओला, कचरा ओला, सगळा चिखल. थंडीत काम मंदावतं पण बंद पडत नाही. डिसेंबरच्या सकाळी, नाशिक गारठलेलं असताना, हौदाचा वरचा थर बाजूला केला की आतून वाफ निघते. मुलांना तेव्हा बोलवा आणि त्यावर हात धरायला सांगा. हौद नीट चालत असला तर आत पन्नास-साठ अंश सेल्सिअसपर्यंत तापमान जातं, आणि ते तळव्याला कळतं.

ओला एकदा वेगळा झाला की सुका रोज उचलायची गरजच उरत नाही. आठवड्यातून एकदा, ठरलेला वार, ठरलेली वेळ. घरात एक गोणी दारामागे अडकवायची. त्यात कागद, पुठ्ठा, बाटल्या, डबे, पत्रा, काच सगळं एकत्र चालतं, चार-चार डबे घरात ठेवायला लावू नका, निवडणारी माणसं ते दहा मिनिटांत करतात. अट एकच, कोरडं आणि खरकटं नसलेलं. जॅमची बरणी किंवा सॉसची बाटली चकचकीत घासायची नाही, भांडी विसळलेल्या शेवटच्या पाण्यात एकदा बुडवली की झालं.

दुधाच्या पिशवीबद्दल मात्र सविस्तर सांगते, कारण ती प्रत्येक घरात रोज एक-दोन येते आणि तिचं प्लास्टिक चांगल्या प्रतीचं, एकाच जातीचं असतं. आपण कात्रीने तिचा कोपरा कापून टाकतो. तो नखाएवढा तुकडा ओट्यावरून मोरीत, तिथून गटारात आणि तिथून नासर्डी नदीत जातो, तो परत कुणीही गोळा करू शकत नाही. कोपरा पूर्ण न कापता नुसती चीर द्या, तुकडा पिशवीलाच लटकू द्या. रिकामी झाली की वरून उभी चिरा, एकदा विसळा आणि ओट्यामागच्या टाइल्सवर पसरून चिकटवा. संध्याकाळपर्यंत वाळून आपोआप गळून पडते. आमच्या आईच्या पिढीतल्या बायका हे करायच्याच, अशा पिशव्या साठवून विकायच्याही. महिन्याच्या शेवटी साठ पिशव्यांचा गठ्ठा हातात घेतला की स्वच्छ प्लास्टिक म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. न धुतलेल्या साठ पिशव्या मे महिन्यात एका गोणीत आठवडाभर ठेवल्या तर ती गोणी उघडणाऱ्या बाईचं काय होतं, ते मी पाहिलंय आणि स्वतःही उघडल्या आहेत.

मुलांसाठी एक प्रयोग. पाण्याच्या बाटलीचे आणि तिच्या झाकणाचे छोटे तुकडे करून बादलीभर पाण्यात टाका. बाटलीचे तुकडे बुडतात, झाकणाचे तरंगतात, कारण बाटली पेट प्लास्टिकची, पाण्यापेक्षा जड, आणि झाकण दुसऱ्या जातीचं, हलकं. कारखान्यातही बाटल्या दळल्यावर हे दोन प्लास्टिक असेच पाण्यात वेगळे करतात. एका वस्तूत दोन जाती असू शकतात हे मुलांना यातून जे कळतं ते आपल्याला अर्ध्या तासाच्या भाषणाने सांगता येत नाही.

सगळंच रिसायकल होतं असं मात्र लोकांना सांगू नका. वेफर्स-कुरकुऱ्यांच्या आतून चकाकणाऱ्या पाकिटांत प्लास्टिक आणि धातूचे थर एकमेकांना चिकटलेले असतात, ते सुटत नाहीत. नाशिकचा चिवडा साध्या पारदर्शक पिशवीत घेतलात तर ती पिशवी निदान एका जातीची असते. फ्लेक्स, थर्माकोल, शाम्पूच्या पुड्या, कागदी म्हणवणारे आतून मेणचट कप यांना भंगारवाला हात लावत नाही. फार तर हे सिमेंटच्या भट्टीत जळणाला जातं, म्हणजे जाळलं जातं. दुधा-ज्यूसच्या खोक्यांत तीन चतुर्थांश कागद असतो, पण बाकी प्लास्टिक आणि अॅल्युमिनियमचे पदर असल्याने तो वेगळा करणारा कारखानाच लागतो. स्थानिक भंगारवाल्याला विचारून घ्या, घेत नसेल तर स्पष्ट सांगा की हे आपल्याकडे जिरत नाही, विकत घेतानाच विचार करा. महाराष्ट्राने २०१८ साली प्लास्टिकबंदी आणली, देशात १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या बऱ्याच वस्तू बंद झाल्या, तरी भाजीबाजारात पातळ पिशवी दिसतेच. लोकांशी खरं बोललात की ते चिडत नाहीत, उलट पुढच्या वेळी प्रश्न विचारायला येतात.

सॅनिटरी पॅड आणि डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल पेनाने ठळक खूण करायची आणि तिसऱ्या, वेगळ्या डब्यात. हे मावशींच्या आणि गाडीवरच्या माणसांच्या आरोग्यासाठी आहे, यात सूट नको. फुटलेली काच कागदात बांधून वर लिहायचं. ट्यूबलाइट फोडायची नाही, तिच्यात पारा असतो. मोबाइलच्या आणि खेळण्यांच्या लिथियम बॅटऱ्या सुक्याच्या गोणीत कधीही नको, दाबल्या गेल्या की पेट घेतात. ट्यूबलाइट आणि बॅटऱ्यांसाठी सोसायटीच्या ऑफिसमध्ये एक डबा ठेवा आणि दिवाळीच्या साफसफाईच्या आठवड्यात, जेव्हा प्रत्येक घर माळा उपसतं, ई-कचऱ्याच्या अधिकृत संकलकाला बोलवा.

पैशाचं आता बोलू, कारण तुमच्या कमिटीत त्यावरच गाडी अडेल. सुका विकून सोसायटीचा मेंटेनन्स कमी होईल असं आश्वासन देऊ नका. भाव दर महिन्याला हलतो आणि ४८ घरांच्या मालातून येणारी रक्कम वाटून घेतली तर प्रत्येक घराला त्यातून काही जाणवणार नाही. तीच पूर्ण रक्कम निवडणाऱ्या दादांना किंवा मावशींना दिली तर त्यांच्या घरी ती महिन्याच्या किराण्यात दिसते, आणि मग माल कोरडा यावा यासाठी तेच दारोदार सांगतात. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने १९९३ पासून कचरावेचकांना संघटित केलं आणि त्यातून २००७-०८ च्या सुमारास स्वच्छ ही सहकारी संस्था उभी राहिली. तिथे घरं महिन्याची ठराविक रक्कम देतात आणि भंगाराचे पैसे वेचकाचेच राहतात. वेंगुर्ल्यात मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात कचरा वीसहून जास्त प्रकारांत वेगळा होऊ लागला आणि डम्पिंगच्या जागेवर लोक फिरायला जाऊ लागले. वेंगुर्ला बारा-तेरा हजार वस्तीचं गाव, आणि नाशिक २०११ च्या जनगणनेतच १४ लाख ८६ हजारांचं, त्यामुळे तिथलं जसंच्या तसं इथे बसत नाही. पण ४८ घरांची सोसायटी वेंगुर्ल्याच्या एका गल्लीएवढीच असते, आणि तिथे ते नक्की बसतं.

बक्षीस मी नको म्हटलं ते यासाठी, की बक्षिसाच्या महिन्यात सगळे करतात आणि बक्षीस संपलं की कामही संपतं. दंडाचं उलटं. दंड बसला की माणूस कचरा लपवून टाकायला शिकतो, सकाळी फिरायला जाताना पिशवी कॅनॉल रोडला किंवा नदीकाठी ठेवून येतो. फलकावर चुकणाऱ्यांची नावं लावायची सूचना आली असेल तर ती मोडून काढा, एक नाव लागलं की ते घर कायमचं तुमच्या विरोधात जातं. यापेक्षा परत येणारी बादली चालते. ओल्यात प्लास्टिक सापडलं तर दादांनी बादली रिकामी न करता दारात परत ठेवायची, वर एक चिठ्ठी: "वेफर्सचं पाकीट निघालं, तेवढं काढून उद्या द्या." चिठ्ठीवर "नियम मोडला" असं काही नको, नेमकी वस्तू लिहा. दुसऱ्या बाजूने महिन्याला एक आकडा लिफ्टजवळ लावा, किती किलो सुका विकला गेला आणि किती गोण्या खत झालं. आकडा सगळ्या सोसायटीचा, कुणा एकाचा नाही. सहा महिन्यांनी चार-पाच घरं उरतील जी कशालाच बधत नाहीत. दंडाचा विचार तेव्हा करा, आणि तोही सर्वसाधारण सभेत ठराव करून.

निर्माल्याचं विसरू नका, आपण गोदाकाठी राहतो. रोजच्या पूजेची फुलं भाजीच्या सालांबरोबर टाकायला बहुतेक घरांचं मन धजत नाही, आणि ती भावना मोडायचीही नाही. म्हणून लोक फुलं प्लास्टिकच्या पिशवीत बांधून पुलावरून सोडतात, पिशवीसकट. सोसायटीच्या देवळाजवळ किंवा तुळशीजवळ निर्माल्याचा वेगळा, स्वच्छ, झाकणाचा हौद करा, लहान चालेल. हारातला दोरा, जरीचे तुकडे आणि फुलांच्या पुडीची पिशवी वेगळी टाकायला शेजारी एक डबा. श्रावण ते नवरात्र तो भरून वाहतो. त्याचं खत वेगळं ठेवून त्याच तुळशीला आणि जास्वंदीला घालायचं, म्हणजे देवाची फुलं पुन्हा देवाच्याच फुलांना. एका सोसायटीत खतावर विश्वास नसलेल्या आजी निर्माल्याच्या हौदापासून या कामात आल्या आणि नंतर ओल्या कचऱ्याचा हौदही त्यांनीच सांभाळला.

तर तुमचा पहिला महिना असा घालवा. पहिल्या आठवड्यात वाटेवर चालून या, गेटपाशी दोन ड्रम ठेवा, गाडीवाल्यांशी आणि मावशींशी बोला. दुसऱ्या आठवड्यात फक्त एक जिना घ्या, जिथे तुमचं स्वतःचं घर आहे तो. ४८ घरांना एकदम हात घालू नका. रोज सकाळी गाडीच्या वेळी तुम्ही स्वतः खाली उभ्या राहा, वीस मिनिटं, एकवीस दिवस. हे कंटाळवाणं आहे आणि यातून सुटका नाही. तुम्ही उभ्या आहात म्हणून लोक विचारतात, "चहाची गाळणी कुठे टाकू? पिस्त्याची टरफलं? मुलाची तुटलेली बॅट?" ते प्रश्न वहीत लिहून ठेवा, तुमच्या इमारतीचं खरं पत्रक त्या वहीतून तयार होईल. तिसऱ्या रविवारी सकाळी नऊ वाजता पार्किंगमध्ये ताडपत्री अंथरा, हातमोजे आणि काटा आणा, जिन्यातल्या घरांच्या गोण्या त्यावर ओता आणि सगळ्यांनी मिळून निवडा. भंगारवाल्याला साडेदहाला बोलवा, म्हणजे वजन सगळ्यांसमोर होईल. मावशींना आदल्या दिवशीच सांगून ठेवा, आणि त्या आल्या की हातमोज्यांचा पहिला जोड त्यांना द्या.